जुनें संगणकयंत्र आणि आजचा विद्यार्थी

स्वहस्तें घडविलेली वस्तु ओबडधोबड असली तरी तिचा आनंद निराळाच असतो. आजच्या संगणकाहून हजारोंपटीनें मंद अशीं जुनीं यंत्रें दुरुस्त करण्याचा, किंवा सुटे भाग आणून तशींच नवीं जुळविण्याचा छंद जगांत अद्याप टिकून आहे. त्याचें कारण आमच्या मतें हेंच होय.

१९७६ सालीं निघालेली झेड-८० ही चिप पाहा. तिला एका वेळीं ६५,५३६ बाइट एवढीच स्मृति हाताळतां येते. मोबाइलनें काढलेलें एक छायाचित्रही तींत सहसा मावणार नाहीं. परंतु तिच्या ४० पायांपैकीं प्रत्येकाचें कार्य काय, हें चिकाटीच्या विद्यार्थ्यास समजूं शकतें. मूळ स्वरूपांतील तिचें उत्पादन थांबविण्याचें २०२४ सालीं जाहीर झालें, यावरून तिची लोकप्रियता दिसून येते. उलट, खिशांतील मोबाइल समर्थ खरा, पण त्याचें अंतरंग मालकासही अगम्य असतें.

कोणी म्हणतील, हा परदेशी षोक आहे. तसें नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं १९६० सालीं एक संगणकयंत्र स्वतः उभें केलें. पंडित नेहरूंनीं १९६२ सालीं त्यास 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. शिवाय आपल्या सोलापुरी चादरीवरील नक्षी जॅकार्ड मागावर पुठ्ठ्यांस पाडलेल्या छिद्रांवरूनच उमटत आली आहे. छिद्र असणें वा नसणें, एवढ्या दोन खुणांवर पुढें संगणकांसही आज्ञा दिल्या जात. मग विणकरांच्या गांवास ही विद्या परकी कशी?

आज चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींत स्वयंचलित यंत्रांच्या पेटींतही लहान संगणक असतो. तो बिघडला म्हणजे त्याचें अंतरंग जाणणारा मनुष्य लागतो. तो आपल्याच मुलांमुलींतून कां निघूं नये?

म्हणून पालकांस आमची विनंति कीं, माळ्यावरील जुना संगणक भंगारवाल्यास देण्यापूर्वीं एकवार मुलांस विचारावें. वीजपुरवठ्याची पेटी आणि जुन्या पडद्याची काचनळी मात्र जाणत्या मनुष्यावांचून कोणीं उघडूं नये. वीज बंद केल्यावरही त्यांत धोका राहतो. विद्यार्थिमित्रांनो, या छंदास परीक्षेंत गुण मिळणार नाहींत. परंतु एक तरी यंत्र आरंभापासून शेवटपर्यंत ज्यास समजलें, तो दुसऱ्या कोणत्याही यंत्रापुढें भांबावून उभा राहणार नाहीं.