‘वंश’ या शब्दाचा पंचनामा

मराठीत ‘वंश’ हा एकच शब्द दोन कामे करतो. बापाकडून मुलाकडे चालत आलेली परंपरा म्हणजे वंश, आणि इंग्रजीतल्या ‘रेस’लाही आपण वंशच म्हणतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना ही सैल भाषा महागात पडू शकते, असे आमचे मत आहे.

वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. त्यावरील खुणांवरून पुरुषाची पितृशाखा आणि ती शाखा जगाच्या कोणत्या भागात अधिक आढळते, हे सांगता येते. बलात्काराच्या नमुन्यात स्त्रीच्या पेशी कितीही असोत, पुरुषाचा माग निराळा काढता येतो. ही या तंत्राची खरी थोरवी. पण बाप, भाऊ, काका, चुलतभाऊ या साऱ्यांची खूण बहुधा एकच निघते. शिवाय दहा पिढ्या मागे गेले की पूर्वजांच्या 1024 जागांपैकी ती एकाच जागेविषयी बोलते. उरलेल्या 1023 जागांबद्दल ती मुकी.

नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतात 1999 साली एका मुलीचा बलात्कार करून खून झाला. संशय गेला जवळच्या छावणीत आश्रय मागणाऱ्या परदेशी निर्वासितांवर; गुन्ह्याची रीतच ‘आपली’ नव्हे, असे लोक बोलू लागले. वाय गुणसूत्राने मात्र वायव्य युरोपाकडे बोट दाखवले. 2012 मध्ये परिसरातील सुमारे 8000 पुरुषांना नमुने देण्याचे आवाहन झाले आणि सापडला तो तिथलाच एक शेतकरी. (नमुना त्याने स्वतःहून दिला होता!) दरम्यान 2003 मध्ये डच कायद्याने अशा अनुमानाला परवानगी दिली होती. कायद्यात शब्द पडला तो ‘रास’, म्हणजे थेट ‘रेस’.

या एका प्रकरणात अनुमान खरे ठरले, म्हणून त्या शब्दाला आम्ही मान डोलावणार नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात यॉर्कशायरमधील एका दुर्मीळ आडनावाच्या 18 पुरुषांपैकी 7 जणांच्या वाय गुणसूत्रावर पश्चिम आफ्रिकेतील शाखेची खूण आढळली. ही सारी इंग्रज घराण्यांतली माणसे. त्यांच्यापैकी एखाद्याने गुन्हा केला असता, तर त्या अहवालावरून पोलिसांनी कोणाची दारे ठोठावली असती?

मराठीत असे अहवाल लिहिताना ‘पितृशाखा’ हा शब्द योजावा, ‘वंश’ नव्हे. तो जिभेवर रुळायला वेळ लागेल, हे आम्हांस मान्य आहे.