माऊस हाताला, की हात माऊसला?



गेल्या आठवड्यात मी एका दुकानात भांडून आले. वय ७४, हातात कापडी पिशवी, सोबत पुतणी, आणि भांडण कशावरून, तर संगणकाच्या माऊसवरून! पुतणी अजून म्हणते, "काकू, तुम्ही जरा जास्तच बोललात." मला तसं वाटत नाही. उलट तिथे जे बोलायचं राहिलं तेच आज इथे लिहिते आहे.

आधी थोडं पुतणीच्या कामाविषयी. ती सोलापुरात चादरी-टॉवेलची नक्षी काढते. जकार्ड मागावरची नक्षी दोऱ्या-दोऱ्यानं उतरते. पूर्वी ग्राफ कागदावर एकेक घर रंगवायचे. एक घर म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची भेट. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि ती कार्डं मागावर चढवायची. आता तो ग्राफ पडद्यावर आला, पण घरं काही कमी झाली नाहीत. मोराच्या पिसाची कड एका घरानं चुकली तरी ती चूक प्रत्येक चादरीवर विणली जाते. म्हणून दिवसभर आपलं टिक, टिक, टिक. चाक फिरवून चित्र मोठं करायचं, चाक दाबून धरून ते सरकवायचं, पुन्हा टिक, टिक.

दिवाळीनंतर तिचा उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर व्हायला लागली. झोपेतून उठून हात झटकत बसायची. करंगळी मात्र ठणठणीत. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं : मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून जाणारी नस दबते. ती नस अंगठ्यापासून अनामिकेच्या निम्म्या भागापर्यंत पोचते, करंगळीचा कारभार दुसऱ्या नसेकडे. माऊसमुळेच झालं असं काही ते म्हणाले नाहीत. कारणं बरीच असतात. पण मनगट वर वाकवून तासन्‌तास ठेवलं की बोगद्यातला दाब वाढतो, तेवढं टाळा, असं म्हणाले.

हे मी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं, तर भाऊजींचं उत्तर आलं : "आम्ही तीस वर्षं टाइपरायटर बडवला, आमच्या हातांना काही झालं नाही. हल्लीची मुलं नाजूक." भाऊजी, रागावू नका, पण टाइपरायटरवर ओळ संपली की हात उचलून कॅरेज ढकलावी लागायची. पान संपलं की कागद बदलायचा, कार्बन लावायचा, मध्येच साहेब हाक मारायचे. तुमच्या हाताला ते यंत्रच विश्रांती देत होतं. माऊसवर ओळही संपत नाही आणि पानही संपत नाही.

आता मालकांविषयी. माणूस वाईट नाही. मागाला वेळेवर तेल, मोटरीची वेळेवर तपासणी, मागावर लाखांनी खर्च. पण ज्या हातातून नक्षी उतरते त्या हाताखाली मात्र बाजारातला सगळ्यात स्वस्त माऊस. पुतणीनं तक्रार केली तेव्हा त्यांनी खरोखर मन मोठं केलं आणि भारीतला आणून दिला. खेळांसाठीचा, लाल-निळे दिवे लागणारा. खोक्यावर मोठ्या अक्षरात डीपीआयचा आकडा. म्हणजे काय, तर हात एक इंच हलला की माऊस किती ठिपके मोजतो. आकडा मोठा तितका पडद्यावरचा बाण चपळ. अहो, पण एका घरावर नेमका थांबवायचा बाण चपळ कशाला हवा? तो आवरण्यासाठी बोटं अधिकच आवळावी लागतात. बाणाचा वेग तर संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन फुकटात कमी-जास्त करता येतो. माऊसचा आकार सेटिंगमध्ये बदलत नाही. म्हणजे फुकट मिळणाऱ्या गोष्टीला पैसे दिले आणि पैसे देण्यासारखी गोष्ट बघितलीच नाही.

त्या दुकानात भांडण झालं ते याच मुद्द्यावर. मी म्हटलं, खोकं उघडा, मुलीला हात ठेवून बघू दे. तर म्हणे, "आजी, सील तोडलं की घ्यावाच लागेल. आणि माऊसला साइज नसते, सगळे सारखेच."

सगळे सारखेच? आमचा कासार बांगड्या भरताना आधी हात हातात घेऊन दाबून बघतो, मग ठरवतो दोन-चार की दोन-सहा. बांगडी तर सणापुरती. माऊस रोज आठ तास हातात, आणि त्याला माप नाही! मी पिशवीतून पट्टी काढली (शिक्षिकेच्या पिशवीत पट्टी असतेच) आणि पुतणीचा हात मोजला. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १९ सेंटिमीटर. तिथेच ठेवलेला दुकानदाराचा स्वतःचा माऊस तिच्या तळव्याखाली लपला. असा छोटा माऊस लांब हाताच्या माणसाला दिला की तळवा अधांतरी आणि बोटं नख्यांसारखी वाकलेली. मग थोपवायला मनगट टेबलावर दाबायचं आणि वर वाकवायचं. डॉक्टर जे टाळा म्हणाले, नेमकं तेच.

गंमत अशी की, माऊसचा जन्मच हात लावून बघण्यातून झाला. डग्लस एंगलबार्ट यांची कल्पना आणि बिल इंग्लिश यांनी १९६४च्या सुमारास कॅलिफोर्नियात बनवलेली ती लाकडी डबी. पण आपलं तेच उत्तम असं ते म्हणाले नाहीत. प्रकाशलेखणी, दांडी, अगदी गुडघ्यानं हलवायचं साधन, हे सगळं माणसांना वापरायला देऊन त्यांनी वेळ आणि चुका मोजल्या. नवख्यांना गुडघ्याचं साधनही चांगलं जमलं, सरावलेल्यांच्या हाती माऊस सरस ठरला. याउलट १९९८ साली अ‍ॅपलनं आयमॅकबरोबर पुरणपोळीसारखा गोल माऊस दिला. दिसायला देखणा, पण हाताला त्याचं तोंड कुठलं तेच कळेना. २००० साली बदलावा लागला.

हल्ली उभे माऊस निघाले आहेत, हस्तांदोलनाला हात पुढे करावा तसे धरायचे. त्यात हाताचा पीळ कमी होतो हे खरं, पण एका घरावर नेमकं टिपायला काहींना ते अवघड जातं. काहींना चेंडूवाला ट्रॅकबॉल मानवतो, काहींना पाटी आणि लेखणी. कुणाला काय मानवेल ते खोक्यावरून कळत नाही, हात ठेवूनच कळतं. नक्षीवाल्यांनी चाक तर दाबून बघावंच. ते घट्ट असेल तर संध्याकाळपर्यंत मधलं बोट रडतं.

असो. शेवटी दुकानदारानं वैतागून तीन खोकी उघडली. आणि मग जे झालं ते लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

पुतणीनं माऊसकडे हात नेला तो डावा. क्षणभर थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि हात बदलला.

पाच वर्षांची असताना तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून मीच उजव्या हातात दिली होती. पुन्हा पुन्हा. शाळेतही किती मुलांना दिली असेल, मोजदाद नाही. सगळेच करायचे, पण केलं ते मी. ती उजव्या हातानं लिहायला शिकली. रांगोळी मात्र आजही डाव्या हातानंच घालते, आणि नक्षीचा पहिला आराखडाही.

"डाव्यानं धर," मी म्हटलं. माझा आवाज जरा मोठाच झाला असावा, कारण दुकानदारही दचकला.

तो दिव्यांचा भारी माऊस डाव्या हाताला चालतच नाही, उजव्या अंगठ्यासाठी त्याला खोबण केलेली आहे. आम्ही घेतला तो साधा, दोन्ही बाजूंनी सारखा, आकारानं मोठा आणि मालकांनी आणलेल्यापेक्षा स्वस्त. बटणांची अदलाबदल सेटिंगमध्ये एका मिनिटात झाली. डाव्या बाजूला आकड्यांची बटणंही आडवी येत नाहीत, त्यामुळे कोपर अंगाजवळ राहतं.

हात बरा झाला का, असं विचारू नका, आठच दिवस झालेत. काम सध्या निम्म्या वेगानं होतंय आणि मालकांची कुरकुर सुरू झाली आहे. त्यांना मी कालच चिठ्ठी पाठवली : दीड महिना तिचा वेग मोजू नका, आणि बाकीच्या तिघांचे हात मोजायला मी रविवारी पट्टी घेऊन येते.