जोर पायांत, हात सैल

वेगवान गोलंदाज व्हायचे ठरवलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा हल्ली आधी जिममध्ये नाव घालतो. त्यात वावगे काही नाही. शरीर कमावल्याशिवाय वेग टिकत नाही. प्रश्न आहे तो तिथे काय कमावतो याचा. बहुतेकदा छाती आणि दंड. मग नेटमध्ये येऊन त्या दंडाच्या बळावर तो चेंडू टाकू पाहतो. आधी कळस मग पाया असा हा प्रकार आहे आणि त्याची किंमत मोजते ती त्या पोराची पाठ.

असा मुलगा जवळून पाहावा. चेंडू मुठीत आवळलेला, जबडा घट्ट मिटलेला, खांदा कानाला भिडलेला. रनअपच्या शेवटच्या दोन पावलांत तो थबकतो आणि सगळी ताकद हातात आणतो. चेंडू लेगस्टंपबाहेर आखूड पडतो. मागून आरोळी येते, ‘अजून जोर लाव!’ खरे तर त्या क्षणी त्याला सांगायला हवे, ‘हात सैल सोड.’

वेग हातात तयार होत नाही. रनअपमध्ये मिळवलेली गती पुढचा पाय टेकताच अडते. त्या पायावर तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच पट, कधी त्याहूनही जास्त भार येतो. गुडघा ताठ राहिला तर ती गती कमरेतून धडात आणि धडातून खांद्यात चढते. हात सर्वांत शेवटी फिरतो. गुडघा दुमडला की निम्मी कमाई तिथेच वाया. गोफणीचा दगड लांब जातो तो फेकणाऱ्याच्या अंगाच्या झोक्याने. दोर स्वतः जोर लावत नाही. गोलंदाजाचा हात तसा हवा. दंड आवळला की एक स्नायू हाताला पुढे ओढतो आणि समोरचा त्यालाच धरून ठेवतो.

म्हणून व्यायाम हवा तो मांड्यांचा, पुठ्ठ्यांचा, पोटाचा आणि पाठीचा. खांद्याकडे लक्ष द्यायचे तर त्याच्या मागच्या बाजूच्या स्नायूंकडे द्यावे. चेंडू सुटल्यावर भरधाव हाताला आवरण्याचे काम तेच करतात.

ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीचे उदाहरण प्रत्येक अकादमीत सांगावे असे आहे. १९७३च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात त्याच्या पाठीच्या मणक्यांना चिरा गेल्या. त्याची कारकीर्द आटोपली, असेच अनेकांना वाटले. त्याने फ्रँक पाइक या व्यायामशास्त्राच्या अभ्यासकाच्या देखरेखीखाली शरीर पुन्हा घडवले आणि १९७४-७५च्या अ‍ॅशेस मालिकेत २५ बळी घेतले. हाच लिली पुढे १९८७मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये आपल्याकडच्या मुलांना शिकवू लागला. श्रीरामपूरचा झहीर खान तिथलाच विद्यार्थी. २००६मध्ये भारतीय संघाबाहेर असताना तो वूस्टरशायरकडून खेळला, रनअप आखूड केला, लय मिळवली. २०११च्या विश्वचषकात त्याच्या नावावर २१ बळी होते. दोघांनीही केवळ दंडाचा जोर वाढवला नाही. शरीर आणि शैली यांचा मेळ घातला.

जसप्रीत बुमराला २०२३मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. पूर्ण वाढ झालेल्या आणि उत्तम देखरेखीखाली खेळणाऱ्या गोलंदाजाची ही गत, तर ज्याच्या मणक्यांची हाडे अजून पक्की व्हायची आहेत त्या पोराचे काय? सकाळी शाळेचा सामना, दुपारी क्लबचा आणि संध्याकाळी नेट, असे आठवडेच्या आठवडे चालते. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वयानुसार किती षटके टाकावीत याची मर्यादा घालून दिली आहे. आपल्या शाळा-क्लबांनीही अशी मर्यादा ठरवून ती कसोशीने पाळायला हवी. त्यासाठी पैसा लागत नाही; एक वही आणि ती रोज भरणारा प्रशिक्षक पुरेसा आहे.

प्रशिक्षकांनी स्पीडगन काही वर्षे कपाटात ठेवावी. आणि पालकांनो, मूल सरावावरून घरी आले की ‘किती वेगाने टाकलास?’ हे विचारू नका. ‘आज किती षटके टाकलीस, पाठ दुखत नाही ना?’ एवढे मात्र रोज विचारा.