कायदा आला कोणत्या दाराने?

नागरिकाच्या दृष्टीने राजपत्रात छापून आलेला प्रत्येक हुकूम हा कायदाच असतो. राज्यघटनेच्या तेराव्या अनुच्छेदानेही ‘कायदा’ या शब्दाच्या कवेत अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम आणि अधिसूचना यांना घेतले आहे. मात्र या साऱ्यांचे कूळ एक नाही. रूढी आणि न्यायनिवाडे यांना मागे सारून विधिविधान हाच आज कायद्याचा मुख्य उगम ठरला असला, तरी या उगमाला पायऱ्या आहेत आणि त्यांचा विसर पडला की काय होते, हे नोटाबंदीच्या इतिहासावरून दिसते.

सर्वांत वरची पायरी संसदेच्या अधिनियमाची. तिथे विधेयकावर खुली चर्चा आणि मतदान होते. दुसरी पायरी वटहुकमाची. अनुच्छेद १२३ नुसार तो अधिनियमाइतकाच बलवान असतो, पण अल्पायुषी. संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तिची मान्यता मिळाली नाही तर तो संपतो. तिसरी पायरी दुय्यम विधिविधानाची. अधिनियमाने दिलेल्या अधिकारात सरकार नियम आणि अधिसूचना काढते. धोरणाचा गाभा ठरविण्याचे आपले मूळ काम विधिमंडळाला दुसऱ्यावर सोपविता येत नाही, ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ‘दिल्ली कायदे’ प्रकरणातच आखून दिली.

आता नोटांकडे वळू. १९४६ च्या जानेवारीत मोठ्या किमतीच्या नोटा रद्द झाल्या, त्या वटहुकमाने. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर तेव्हा चिंतामणराव देशमुख होते. १९७८ च्या जानेवारीत जनता सरकारनेही वटहुकूमच काढला आणि मार्चअखेर त्याचे अधिनियमात रूपांतर करून घेतले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी मात्र चलनातील मूल्याने सुमारे ८६ टक्के नोटा रद्द झाल्या त्या एका अधिसूचनेने, रिझर्व्ह बँक अधिनियम १९३४ च्या कलम २६(२) खाली. वटहुकूम आला तो ३० डिसेंबरला, म्हणजे हिवाळी अधिवेशन संपून दोन आठवडे झाल्यावर; आणि संसदेचा अधिनियम २०१७ च्या फेब्रुवारीत. पायऱ्यांचा क्रमच उलटा झाला.

वाद पुढे न्यायालयात गेला. ‘कोणतीही मालिका’ या शब्दांत ‘सर्व मालिका’ येतात का, हा त्यातील एक कळीचा प्रश्न होता. २ जानेवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने ‘होय’ म्हटले. बहुमताचा निकाल न्या. भूषण गवई यांनी लिहिला. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी मात्र वेगळी वाट धरली. प्रस्ताव बँकेकडून नव्हे तर सरकारकडून निघाला होता. असा निर्णय अधिनियमानेच व्हायला हवा होता आणि गोपनीयता हवी असेल तर वटहुकमाने, असे त्यांचे मत पडले. तरीही झालेले बदलता येणार नाही, हे त्यांनीही मान्य केले.

वटहुकूम हा मार्गही निष्पाप नाही. १९६७ ते १९८१ या काळात बिहारमध्ये २५६ वटहुकूम पुनःपुन्हा काढून जिवंत ठेवले गेले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अभ्यासक डॉ. डी. सी. वाधवा यांनी ते शोधून काढले आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा राज्यघटनेशी केलेली लबाडी ठरविली.

तरीही वटहुकमाला निदान संसदेच्या दारात उभे राहावेच लागते. अधिसूचना मंत्रालयातील टेबलावरून थेट राजपत्रात पोहोचते. तिचा मसुदा करणारे अधिकारी या स्तंभाचे वाचकही आहेत. कलमाने दिलेला अधिकार पुरेसा आहे का, एवढेच विचारून फाईल पुढे सरकते. पण ज्या निर्णयाने कोट्यवधी घरांतले पैसे एका रात्रीत कागद होतात, त्याला आणखी एक प्रश्न लागू होतो : लोकांनी निवडून दिलेल्यांना त्यावर ‘नाही’ म्हणण्याची संधी मिळणार आहे का, आणि केव्हा? २०१६ साली ती मिळाली तेव्हा रांगा संपून गेल्या होत्या.