विटंबना

संशयितांचे हात बांधून त्यांना त्यांच्याच वस्तीतून फिरवावयाचे, बघ्यांनी मोबाईलवर चित्रण करावयाचे आणि दुसऱ्या दिवशी ‘गुंडांची धिंड’ असा मथळा झळकावयाचा, हा प्रकार शेजारच्या महाराष्ट्रातील काही शहरांत अलीकडे वारंवार घडतो आहे. त्यात कोणास काही वावगे वाटेनासे झाले आहे. म्हणूनच या कृत्यासाठी मराठीत जो नेमका शब्द आहे, त्याचा अर्थ उकलणे आम्हांस अगत्याचे वाटते. तो शब्द ‘विटंबना’ होय.

मूळ संस्कृत शब्द ‘विडंबन’. नक्कल किंवा सोंग हा त्याचा अर्थ; त्यातूनच टवाळीचा अर्थ आला. मराठीने ‘ड’ आणि ‘ट’ यांची वाटणी मोठ्या मार्मिकपणे केली. आचार्य अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’मध्ये केले ते विडंबन, तेथे मूळ कवीलाही हसता येते. विटंबना माणसाची होते, आणि सर्वांत मिळून त्या एकट्याला हसता येत नाही. (पुतळ्याची झाली तर गावे बंद पडतात, जिवंत माणसाची झाली तर टाळ्या पडतात!) परंतु नकलेचा अंश याही शब्दातून गेलेला नाही. पूर्वीची धिंड म्हणजे वरातीची नक्कलच नव्हे काय? घोड्याच्या जागी गाढव, फुलांच्या जागी जोड्यांचा हार. वाजंत्री आणि गर्दी मात्र तीच.

गोमंतकाला हे शब्दकोशातून शिकावे लागत नाही. १५६० साली येथे आलेल्या इन्क्विझिशनने आरोपींच्या हाती मेणबत्त्या दिल्या, अंगावर ‘सांबेनितो’ नावाचे झगे चढविले आणि त्यांना अनवाणी जुन्या गोव्याच्या रस्त्यांतून फिरविले. ज्यांना जाळावयाचे त्यांच्या झग्यांवर ज्वाळा व सैतान रंगविलेले असत. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य १६७६ साली त्या मिरवणुकीत चालला आणि त्याने ते लिहून ठेवले. त्या अमानुष न्यायासनाचाही निकाल मिरवणुकीपूर्वी ठरलेला असे. आजचे पोलीस खटला उभा राहण्याचीही वाट पाहत नाहीत.

यामुळे गुंडांची दहशत मोडते, असे सांगितले जाते. दहशत मोडावयाची तर साक्षीदारांना संरक्षण द्यावे, खटले वेळेत चालवावेत. सरसकट बेड्या घालणे अमानुष आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच बजावले आहे. तेव्हा अशी मिरवणूक कोणाच्या हुकुमाने निघाली आणि तो हुकूम कोणत्या कलमान्वये दिला गेला, हे तेथील गृहखात्याने प्रत्येक वेळी जाहीर करावे.