डोंगरावरील पवनचक्की आणि राष्ट्राची सुरक्षितता

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील येरमाळा हे गाव महाराष्ट्राला येडेश्वरीच्या देवस्थानामुळे ठाऊक आहे. या गावाच्या आसमंतात, बालाघाटच्या पठारावर, कळंब, वाशी आणि भूम या तालुक्यांत गेल्या काही वर्षांत पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. खाली शिवारात सोयाबीन आणि वर आभाळात फिरणारी पाती हे आता या भागात नित्याचे दृश्य झाले आहे. मात्र एकाच बांधावरील या दोन वस्तूंकडे राज्यसंस्था दोन भिन्न दृष्टींनी पाहते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पवनचक्कीचे जनित्र कोठे बनले आणि तिच्या चलनवलनाची माहिती कोणत्या देशातील संगणकात साठते याचा विचार आता राष्ट्रीय सुरक्षिततेच्या संदर्भात होतो. सोयाबीनचा विचार बाजारभावाच्या आणि महागाईच्या हिशेबात होतो. सुरक्षितता कशाला म्हणावयाचे, ते कोणी ठरवावयाचे आणि तिचा खर्च कोणी सोसावयाचा, हे प्रश्न म्हणूनच केवळ दिल्लीतील मुत्सद्द्यांचे राहिलेले नाहीत.

मुंबईच्या अंधाराचा धडा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि तिच्या परिसरातील वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला. लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि कचेऱ्यांचे व्यवहार ठप्प झाले. गलवान खोऱ्यात भारतीय जवानांना हौतात्म्य येऊन तेव्हा चारच महिने लोटले होते. पुढील वर्षाच्या प्रारंभी 'रेकॉर्डेड फ्यूचर' या अमेरिकी संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. चीनशी संबंध असलेल्या एका गटाने भारतातील वीजवितरणाचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रांच्या संगणकांत शिरकाव करण्याचा प्रयत्न केल्याचे त्यात म्हटले होते. मुंबईतील बिघाड याच गटाने घडवला, असे ठाम विधान मात्र त्या अहवालात नव्हते. राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी मार्च २०२१ मध्ये सायबर विभागाच्या चौकशीचा हवाला देऊन घातपाताची शक्यता व्यक्त केली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंग यांनी मानवी चुकीमुळे हा प्रकार घडल्याचे सांगितले.

एकाच घटनेबद्दल दोन मंत्र्यांनी दोन निष्कर्ष काढावेत आणि नागरिकांनी आपापल्या पक्षनिष्ठेनुसार त्यांतील एक निवडावा, हे काही निकोप लोकशाहीचे लक्षण नव्हे. त्या प्रसंगातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी की, संगणकाने चालणारी वीजयंत्रणा दूरवरून बाधित होऊ शकते, ही भीती काल्पनिक नाही. दुसरी अशी की, सुरक्षिततेचा प्रश्न म्हटला की त्यातील दावे पडताळण्याची सोय सामान्य माणसाला उरत नाही. पहिल्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणे आत्मघातकी ठरेल. दुसरीकडे दुर्लक्ष केले तर कोणताही व्यापारी हितसंबंध देशप्रेमाचे वस्त्र पांघरून वावरू लागेल.

शासनाने पहिल्या गोष्टीची दखल घेतली आहे. आयात होणाऱ्या वीजसामग्रीची घातक संगणकीय आज्ञावलींसाठी तपासणी करण्याचा आदेश केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २ जुलै २०२० रोजीच काढला होता. ३१ जुलै २०२५ रोजी नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने पवनचक्क्यांसाठी नवे नियम जाहीर केले. त्यांनुसार पाती, मनोरे, जनित्रे, गिअरपेट्या आणि विशेष बेअरिंगे ही मान्यताप्राप्त यादीतील उत्पादकांकडूनच घ्यावयाची आहेत. पवनचक्कीची माहिती भारतातच साठवावयाची आणि तिचे नियंत्रणही भारतातूनच करावयाचे, असेही बंधन आहे. माहिती आणि नियंत्रण यांविषयीचा नियम सुरक्षिततेच्या कसोटीला सरळ उतरतो. मनोऱ्याच्या पोलादाविषयी तसे म्हणता येणार नाही. तेथे हेतू देशी उद्योगाच्या संरक्षणाचा आहे. असे संरक्षण देण्यात गैर काही नाही. परंतु दोन हेतू एकाच शब्दाखाली झाकले गेले की कोणत्या उपायाचे मोल किती द्यावे, याचा हिशेब चुकतो.

चुंबकाचे राजकारण

यंत्राचे सुटे भाग देशात बनवले म्हणजे परावलंबन संपले, असेही मानण्याचे कारण नाही. काही प्रकारच्या पवनचक्क्यांच्या जनित्रांत निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्यापासून बनवलेली शक्तिमान चुंबके असतात. भारतातील अनेक पवनचक्क्या या चुंबकांविना चालतात हे खरे. पण विजेवर धावणाऱ्या दुचाकीपासून क्षेपणास्त्रापर्यंत असंख्य वस्तूंना ती लागतात. ही चुंबके १९८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील जनरल मोटर्स आणि जपानमधील सुमितोमो यांच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधून काढली. आज जगातील अशा चुंबकांपैकी सुमारे नऊ दशांश चीनमध्ये बनतात.

हे स्थित्यंतर कोणत्याही युद्धाने घडवलेले नाही. जनरल मोटर्सने चुंबकांसाठी स्थापन केलेली 'मॅग्नेक्वेंच' ही कंपनी १९९५ साली विकली गेली. घेणाऱ्यांत चिनी सरकारशी संबंधित कंपन्या होत्या. पुढील दशकभरात अमेरिकेतील उत्पादन बंद होऊन ते चीनमध्ये गेले. स्वस्त तेथे खरेदी करावी, हा व्यापाराचा नियम त्या काळी ब्रह्मवाक्य मानला जात होता आणि हा व्यवहार त्याला धरूनच झाला होता.

त्याची किंमत प्रथम जपानने मोजली. सप्टेंबर २०१० मध्ये सेन्काकू बेटांजवळ चिनी मच्छीमार बोटीवरून वाद उद्भवला आणि दुर्मीळ मृदा खनिजांची जपानकडे होणारी निर्यात रोखली गेली. जागतिक व्यापार संघटनेने २०१४ साली चीनच्या निर्यातनिर्बंधांविरुद्ध निकाल दिला, पण तोवर चार वर्षे लोटली होती. जपानने मात्र निकालाची वाट न पाहता ऑस्ट्रेलियातील लायनस या कंपनीत २०११ सालीच भांडवल गुंतवले आणि पुरवठ्याची दुसरी वाट उघडली. ४ एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे अमेरिकेने साऱ्या जगावर वाढीव जकाती जाहीर केल्यानंतर दोनच दिवसांनी, चीनने सात मूलद्रव्ये आणि त्यांची चुंबके यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. वाद वॉशिंग्टन आणि बीजिंग यांचा होता. झळ पुण्याला लागली. बजाज ऑटोला विजेवरील चेतक दुचाकीच्या उत्पादनात कपात करावी लागली आणि ऑगस्टमध्ये ते पूर्णतः थांबू शकेल, असा इशारा कंपनीने जुलै २०२५ मध्ये दिला.

खनिज आहे, विद्या कोठे आहे?

या घटनांवर भारतात एक प्रतिक्रिया हमखास उमटते. आपल्याकडे ही खनिजे विपुल आहेत, मग भिण्याचे कारण काय, असे विचारले जाते. केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि ओडिशा यांच्या किनाऱ्यांवरील मोनाझाइट वाळूत ती आहेत, यात शंका नाही. परंतु 'दुर्मीळ मृदा' हे नावच मुळात फसवे आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येरमाळ्याच्या रानात लक्षावधी भाविक चुनखडीचे खडे वेचतात. ते हाताने वेचता येतात, कारण चुनखडी डोळ्यांना ओळखू येते. दुर्मीळ मृदांची सतरा मूलद्रव्ये रासायनिक गुणधर्मांनी एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात, की ती विलग करण्यासाठी द्रावणांच्या शेकडो टप्प्यांतून जावे लागते. दुर्मीळ आहे ती ही विद्या. पेकिंग विद्यापीठातील शू ग्वांगशियेन या रसायनशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात या प्रक्रियेचे गणित बसवले आणि त्याच पायावर चिनी उद्योग उभा राहिला. चीनने डिसेंबर २०२३ मध्ये या प्रक्रियेच्या आणि चुंबकनिर्मितीच्या तंत्रज्ञानाची निर्यातच बंद केली, यावरून त्याचे मोल त्या देशाला किती वाटते, हे समजते.

भारताचा आरंभ या बाबतीत उशिरा झाला नव्हता. इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी १९५० साली स्थापन झाली आणि आलुवा येथे तिचा कारखाना सुरू झाला. आज तिचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. १९५१ साली भारताला २० लाख टन गहू कर्जाऊ देण्याचा विचार अमेरिकेत चालू असता, त्याच्या मोबदल्यात मोनाझाइट मिळावे, असा आग्रह तेथील काँग्रेसच्या सभासदांनी धरला. देशात धान्याची तीव्र टंचाई असूनही नेहरू सरकारने ती अट मान्य केली नाही. १९५३ साली भारताने चीनला थोरियम नायट्रेट पाठवले, तेव्हा अमेरिकी कायद्यानुसार मदत बंद होण्याचा प्रसंग आला होता. ज्या क्षेत्रात आज चीन परवाने देतो त्या क्षेत्रात सत्तर वर्षांपूर्वी भारत चीनला माल पाठवत होता, हे तरुण वाचकांना नवल वाटेल.

मग भारत मागे का पडला? मोनाझाइटमध्ये थोरियम असल्यामुळे ते अणुऊर्जा खात्याच्या कक्षेत राहिले. सुरक्षिततेसाठी ते योग्यच होते. परंतु कुंपण घातलेल्या शेतात नांगर मात्र पुरेसा चालला नाही. पुढे चीनचा स्वस्त माल येऊ लागला आणि देशी उत्पादन परवडेनासे झाले. शुद्धीकरणापासून मिश्रधातू आणि चुंबकापर्यंतची साखळी जुळलीच नाही. संरक्षण आणि अवकाश क्षेत्रांसाठी विशाखापट्टणम येथे चुंबकांचा कारखाना २०२३ साली राष्ट्राला अर्पण झाला, पण तो लहान आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्षाला ६,००० टन चुंबकांची क्षमता निर्माण करण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. योजना स्वागतार्ह आहे. तथापि चिनी माल पुन्हा स्वस्त होईल तेव्हाही देशी चुंबके विकत घेतली जातील काय, या प्रश्नाच्या उत्तरावर तिचे यश अवलंबून राहील. शिवाय या शुद्धीकरणातून घातक सांडपाणी आणि किरणोत्सर्गी गाळ निघतो. चीनमधील बाओटौ शहराजवळचा गाळाचा प्रचंड तलाव ही त्या स्वस्ताईची न मोजलेली किंमत आहे. भारतात ती किनाऱ्यावरील कोळ्यांवर लादली गेली, तर तिला स्वावलंबन म्हणता येणार नाही.

सोयाबीनला निराळा न्याय

देशी क्षमता उभारून ती व्यापारधोरणाने गमावण्याचा अनुभव मराठवाड्याच्या शेतकऱ्याला नवा नाही. १९८६ साली केंद्र सरकारने तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम सुरू केली. सुधारित बियाणे, किंमतीचे संरक्षण आणि आयातीवरील नियंत्रण यांची सांगड घातल्यामुळे काही वर्षांतच खाद्यतेलाची आयात नाममात्र उरली. १९९४ नंतर आयातीचे दरवाजे उघडले गेले आणि आज देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. ३० मे २०२५ रोजी कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेले. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण ऐन हंगामात बाजार समित्यांत माल त्याहून कमी दराने विकला गेला. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यातील खरिपाची आधीच दैना केली होती.

शुल्क कमी करण्यामागे शहरातील कारकुनाच्या आणि शिक्षकाच्या घरातील तेलाची बरणी होती, हे नाकारता येत नाही. महागाईची झळ निश्चित वेतनावर जगणाऱ्यालाच प्रथम लागते. तरीही विचार करावयास हवा. निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून येत असेल, तर तेथील सरकारांच्या निर्णयावर भारतातील स्वयंपाकघर अवलंबून राहते. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही काळ थांबवली तेव्हा त्याचा प्रत्यय आला होता. चुंबकाच्या परवान्याला जर सुरक्षिततेचा प्रश्न म्हणावयाचे, तर तेलाच्या या परावलंबनाला केवळ बाजाराचा प्रश्न म्हणणे तर्काला धरून नाही. कारखानदाराला संरक्षण देताना ग्राहकाने थोडा अधिक भार सोसावा, असे सांगितले जाते. शेतकऱ्याच्या वेळी ग्राहकाचे हित प्रथम आठवते. ही तफावत तंत्रज्ञानाने निर्माण केलेली नाही. संघटित उद्योगाचा आवाज दिल्लीत ऐकू जातो आणि विखुरलेल्या शिवाराचा जात नाही, एवढाच तिचा अर्थ आहे.

कसोटी कोणती असावी?

आज प्रत्येक मोठे राष्ट्र आपला व्यापार सुरक्षिततेच्या भाषेत मांडू लागले आहे. चीनचे परवाने त्याच नावाखाली निघतात. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील अतिरिक्त जकात ५० टक्क्यांपर्यंत नेली, तेव्हा तिचा अर्धा भाग रशियन तेलाच्या खरेदीबद्दलचा दंड होता. अशा जगात भारताने एकट्याने मुक्त व्यापाराचे व्रत पाळावे, असे कोणी म्हणणार नाही. पण प्रत्येक वस्तू देशातच बनवण्याचा अट्टाहासही परवडणारा नाही. ज्या वस्तूचा पुरवठा एकाच देशाच्या हाती आहे, जिला नजीकच्या काळात पर्याय नाही आणि जिच्या अभावी मोठे व्यवहार थांबतात, ती वस्तू सुरक्षिततेच्या यादीत असावी. बाकीच्या बाबतीत जपानप्रमाणे दोन-तीन ठिकाणांहून खरेदीची सोय करणे स्वस्त आणि पुरेसे असते. कोणती वस्तू या कसोटीला उतरते आणि तिच्यासाठी किती जादा किंमत मोजली जात आहे, याचा तपशील संसदेपुढे दरवर्षी ठेवला गेला, तर सुरक्षिततेच्या नावाखाली होणाऱ्या मक्तेदारीला आळा बसेल.

त्याहूनही महत्त्वाचे काम शाळा-महाविद्यालयांत व्हावयाचे आहे. पैसा मंजूर झाला म्हणजे मूलद्रव्ये विलग करता येत नाहीत. त्यासाठी धातुशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकलेली, प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे चिकाटीने काम करणारी माणसे लागतात. ती घडवावयाची तर कळंब किंवा बार्शीच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला कार्यान्वित प्रयोगशाळा आणि कायम नेमणुकीवरील प्राध्यापक मिळाला पाहिजे. परकीयांनी माल अडवला म्हणून होणारा संताप क्षणिक असतो. विद्येची उपेक्षा मात्र पिढ्यान्‌पिढ्या भोवते. सीमेचे रक्षण सैनिक करतात, पण राष्ट्राला कोणापुढे हात पसरावा लागू नये, याची तजवीज प्रयोगशाळेत आणि शेतात होते. या दोहोंवर होणारा खर्च सुरक्षिततेचा खर्च मानला जाईल, तेव्हाच या शब्दाला खरा अर्थ येईल.