विश्लेषण : रॅपर गेल्यावर उरलेल्या गाण्यांचा मालक कोण?

सीताबर्डीतून माइक आणि हेडफोन घ्यायचे, घरातल्या एका खोलीत लॅपटॉपवर बीट लावायचा आणि रात्री रस्त्यावरचा आवाज थांबला की रेकॉर्डिंग करायचे. नागपूर-अमरावतीकडच्या अनेक नव्या रॅपरची सुरुवात अशीच होते. यातले एखादे गाणे यूट्यूबवर येते. बाकीची अर्धीमुर्धी गाणी लॅपटॉपमध्ये, व्हॉट्सअॅपवर आणि बीट करणाऱ्या मित्राच्या हार्ड डिस्कवर पडून राहतात. गाणारा अचानक गेला तर या गाण्यांचे काय होते? ती प्रसिद्ध करायची की नाही हे कोण ठरवते? पैसे कोणाला मिळतात? पंजाबी रॅपर सिद्धू मूसेवाला याच्या हत्येनंतर एकामागून एक आलेल्या गाण्यांमुळे हे प्रश्न चर्चेत आले. एआयने आवाजाची नक्कल सोपी केल्यापासून ते आणखी अवघड झाले आहेत.

मूसेवालाच्या गाण्यांबाबत नेमके काय घडले?

शुभदीप सिंग सिद्धू ऊर्फ सिद्धू मूसेवाला याची २९ मे २०२२ रोजी पंजाबच्या मानसा जिल्ह्यात गोळ्या घालून हत्या झाली. तो २८ वर्षांचा होता. काही दिवसांतच त्याच्या इन्स्टाग्राम खात्यावरून संगीतकारांना आवाहन करण्यात आले, की सिद्धूची पूर्ण वा अपूर्ण गाणी परस्पर प्रसिद्ध करू नयेत आणि सर्व रेकॉर्डिंग त्याच्या वडिलांकडे सोपवावे.

२३ जून २०२२ रोजी ‘एसवायएल’ हे पहिले मरणोत्तर गाणे आले. सतलज-यमुना जोडकालव्याच्या वादावरचे हे गाणे सरकारच्या तक्रारीनंतर तीनच दिवसांत यूट्यूबने भारतात बंद केले. नोव्हेंबरमध्ये ‘वार’ आले. एप्रिल २०२३ मध्ये नायजेरियाचा गायक बर्ना बॉय याच्यासोबतचे ‘मेरा ना’ आणि जुलैमध्ये मुंबईचा रॅपर डिव्हाइन याच्यासोबतचे ‘चोरनी’ प्रसिद्ध झाले. ११ जून २०२५ रोजी, सिद्धूच्या जन्मदिनी, ‘मूस प्रिंट’ हा तीन गाण्यांचा संच आला. म्हणजे मृत्यूला तीन वर्षे झाल्यावरही नवी गाणी येतच होती.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. संगीतकार सलीम मर्चंट यांनी सिद्धूच्या आवाजातले ‘जांदी वार’ हे गाणे सप्टेंबर २०२२ मध्ये आणण्याची घोषणा केली. आई-वडील मानसाच्या न्यायालयात गेले आणि न्यायालयाने गाण्याला स्थगिती दिली. गाणे गायकाच्या हयातीत रेकॉर्ड झाले होते. पण त्याच्या पश्चात ते लोकांसमोर कधी आणि कोणी आणायचे, हा वाद होता.

अर्धवट गाणे पूर्ण कसे केले जाते?

रॅपरचा आवाज आणि बीट हे संगणकावर वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात. त्यामुळे बीट बदलून आवाज तोच ठेवता येतो. दोन गाण्यांतली कडवी एकत्र जोडता येतात. एकच कडवे असेल, तर उरलेली जागा पाहुण्या कलाकाराकडून भरून घेता येते. आवाज आणि वाद्ये एकाच फाइलमध्ये मिसळलेली असतील, तरी आता ती सॉफ्टवेअरने वेगळी करता येतात. बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ हे नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेले गाणे असेच तयार झाले. जॉन लेननने १९७० च्या दशकात घरी कॅसेटवर केलेल्या कच्च्या रेकॉर्डिंगमधून त्याचा आवाज यंत्राच्या मदतीने सुटा करण्यात आला.

अडचण तंत्राची नाही. घरी केलेले रेकॉर्डिंग पुष्कळदा फक्त चाल लक्षात राहावी म्हणून केलेले असते. त्यातली ओळ बदलायची असते, काही गाणी तर टाकून द्यायची म्हणूनच बाजूला ठेवलेली असतात. हे फक्त गाणाऱ्याला माहीत असते. फाइलच्या नावावरून ते कळत नाही.

परदेशातला अनुभव काय सांगतो?

अमेरिकेत मरणोत्तर रॅप अल्बमची प्रथा जुनी आहे. टुपाक शकूर १३ सप्टेंबर १९९६ रोजी गेला. त्याने तयार करून ठेवलेला अल्बम नोव्हेंबरमध्ये आला. पुढे अनेक वर्षे त्याचे अल्बम येत राहिले. २००४ च्या ‘लॉयल टू द गेम’मध्ये टुपाकच्या जुन्या आवाजाला एमिनेमने नवे संगीत दिले. पहिल्या अल्बममध्ये टुपाकचा निर्णय होता. शेवटच्या अल्बमांत फक्त त्याचा आवाज होता.

मॅक मिलर सप्टेंबर २०१८ मध्ये गेला. त्याचा ‘सर्कल्स’ हा अल्बम जानेवारी २०२० मध्ये आला. मॅकसोबत आधीपासून त्यावर काम करणारे संगीतकार जॉन ब्रायन यांनीच तो पूर्ण केला आणि घोषणा कुटुंबाने केली. हा अल्बम नावाजला गेला. उलट पॉप स्मोक या रॅपरच्या २०२१ मधील ‘फेथ’वर पाहुणे जास्त आणि मूळ कलाकार कमी, अशी टीका झाली. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाऊस हिच्या कंपनीच्या प्रमुखांनी तर तिची उरलेली कच्ची रेकॉर्डिंग नष्टच केली. तिच्या पश्चात कोणी त्यांचा गैरवापर करू नये, हा त्यामागचा हेतू होता. अँडरसन पाक या अमेरिकी कलाकाराने २०२१ मध्ये ‘माझ्या मृत्यूनंतर माझी गाणी काढू नका’ या अर्थाचा मजकूर हातावर गोंदवूनच घेतला.

भारतीय कायद्यानुसार एका गाण्याचे मालक किती?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार एका रॅप गाण्यात किमान चार वेगवेगळे हक्क असतात. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा. संगीताचा हक्क ते रचणाऱ्याचा, म्हणजे बहुधा बीट करणाऱ्याचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्या निर्मात्याचा. चौथा, गाणाऱ्याचा सादरकर्ता म्हणून असलेला हक्क. मित्राच्या खोलीत झालेल्या रेकॉर्डिंगचा ‘निर्माता’ कोण, यावर वाद होऊ शकतो. म्हणूनच हार्ड डिस्क ज्याच्याकडे आहे तो स्वतःला मालक समजू लागतो. कायद्याने मात्र फाइल जवळ असणे म्हणजे हक्क असणे नव्हे. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सही केलेला करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते.

हयातीत प्रसिद्ध झालेल्या गीताला कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या गीताची ६० वर्षे प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून मोजली जातात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला सोडून देता येत नाही. तो वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडेच जाऊ शकतो. कलाकृतीची मोडतोड करून कलाकाराच्या प्रतिष्ठेला धक्का लावला, तर कलम ५७ नुसार कायदेशीर प्रतिनिधी त्याला हरकत घेऊ शकतात.

वारस कोण, आई की वडील?

इथे अनेकांचा अंदाज चुकतो. कॉपीराइट ही मालमत्ता आहे आणि ती वारसा कायद्यानेच पुढे जाते. हिंदू वारसा कायदा, १९५६ हा शीख, बौद्ध आणि जैन यांनाही लागू होतो. या कायद्यानुसार अविवाहित तरुण मृत्युपत्र न करता गेला, तर आई पहिल्या वर्गातील वारस असते. वडील दुसऱ्या वर्गात येतात. आई हयात असेल तर वडिलांचा कायदेशीर वाटा उरत नाही. घरात एकमत असेल तोवर हा प्रश्न उठत नाही. गाण्यातून पैसे येऊ लागले आणि मतभेद झाले, की तो पहिल्यांदा उठतो.

आवाजाचे काय?

गाण्यावरचा हक्क वारसांकडे जातो, आवाजाचे मात्र तसे स्पष्ट नाही. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी मुलाच्या आयुष्यावरील चित्रपटाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये असे म्हटले, की खासगीपणाचा आणि व्यक्तिमत्त्वाचा हक्क त्या व्यक्तीसोबतच संपतो, तो वारशाने मिळत नाही. एआयने आवाजाची नक्कल करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंगला दिलासा दिला. पण तो हयात कलाकार आहे.

म्हणजे उद्या कोणी दिवंगत रॅपरच्या जुन्या रेकॉर्डिंगची परवानगीशिवाय कॉपी केली, तर कायद्याची वाट स्पष्ट आहे. त्याच्या आवाजाची नक्कल करून नवेच शब्द गाऊन घेतले, तर लढाई अवघड आहे. सध्या बरेच काही करणाऱ्याच्या सद्सद्विवेकावर सोडलेले आहे. ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या २०२४ च्या चित्रपटासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, पण त्यासाठी कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला. त्याच वर्षी एस. पी. बालसुब्रमण्यम यांचा आवाज न विचारता वापरल्याबद्दल त्यांच्या मुलाने एका तेलुगू चित्रपटाच्या निर्मात्यांना नोटीस पाठवली. अमेरिकेत ड्रेकने टुपाकचा एआय आवाज वापरलेले गाणे टुपाकच्या वारसांच्या नोटिशीनंतर मागे घेतले.

मराठीत अशी परंपरा आहे का?

गाण्यांच्या अल्बमची नसेल, पण कवितेची नक्की आहे. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव यांनी आणि नात्यातल्या मंडळींनी टिपून ठेवल्या होत्या. आचार्य अत्रे यांच्या प्रोत्साहनाने १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. ती वही कोणी उघडलीच नसती तर मराठी किती गरीब राहिली असती, हा मरणोत्तर प्रकाशनाच्या बाजूचा सर्वांत मोठा युक्तिवाद आहे.

पण पुस्तकात एक गोष्ट असते, ती गाण्यात नसते. कवीच्या पश्चात संग्रह निघतो तेव्हा त्याला बहुधा प्रस्तावना जोडलेली असते. कविता कुठे सापडल्या, कोणी निवडल्या, कोणती अपुरी आहे, हे वाचकाला सांगितले जाते. मरणोत्तर गाण्यासोबत मोबाइलवर फक्त नाव आणि चित्र येते. मूळ रेकॉर्डिंग कधीचे, बीट मूळचा की नंतरचा, पाहुण्याला गायकाने निवडले की कंपनीने, एआय कुठे वापरले, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ही चार ओळींची नोंद द्यायला कोणताही नवा कायदा लागत नाही.

महाराष्ट्रातल्या रॅपरसाठी याचा अर्थ काय?

मुंबईच्या ‘स्वदेसी’ या समूहातला रॅपर धर्मेश परमार ऊर्फ एमसी तोडफोड मार्च २०२२ मध्ये अवघ्या २४ व्या वर्षी गेला. ‘गली बॉय’ चित्रपटातल्या एका गाण्यात त्याचा आवाज होता. त्याचे स्वतःचे ‘ट्रुथ अँड बास’ त्याच्या मृत्यूच्या काही दिवस आधीच आले होते. म्हणजे निदान तेवढे काम कोणत्या रूपात लोकांसमोर जावे, हे त्याने स्वतः ठरवलेले होते. याच समूहात अमरावतीचा सौरभ अभ्यंकर मराठीतून रॅप करतो. विशीतल्या मुलांच्या या क्षेत्रात मृत्युपत्र हा शब्दच अशुभ वाटतो. पण काम साधे आहे.

बीट करणाऱ्याशी कोणाचा किती वाटा हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. पूर्ण झालेली आणि टाकून दिलेली गाणी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावीत. माझ्यानंतर यातले काय प्रसिद्ध करावे, काय करू नये, निर्णय कोणी घ्यावा आणि माझ्या आवाजाची नक्कल चालेल का, हे लिहून ठेवावे. कायदेशीर मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात.

मूसेवालाच्या बाबतीत खंबीर आई-वडील, मोठे नाव आणि न्यायालयात जाण्याची ताकद होती. घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलाच्या आई-वडिलांना पुष्कळदा लॅपटॉपचा पासवर्डही माहीत नसतो. मुलाने काही लिहून ठेवले नसेल, तर त्याला काय हवे होते हे त्यांना कधीच कळणार नाही, आणि निर्णय मात्र त्यांनाच घ्यावा लागेल.